अर्ध्या अंगठ्याचा गूळ

सांगलीच्या पेठेत त्या काळात गूळ पारखणारे पैशाला पासरी होते. कुणी ढेपेला टिचकी मारायचा, कुणी खडा मोडून उन्हात धरायचा, कुणी नुसता वास घेऊन मान हलवायचा. पण हिवरवाडीची गाडी आली की यातलं काहीच करावं लागायचं नाही. त्या गाडीतल्या प्रत्येक ढेपेच्या तोंडावर अंगठा उठवलेला असायचा, आणि तोही अर्धाच. पहिल्या पेरालाच तुटलेला. तो दिसला की अडत्या म्हणायचा, "आकारामचा हाय. उतरवा." संपलं, पुढं चर्चा नाही.

हा आकाराम गुळव्या होता. म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करणारा कारागीर. ऊस दुसऱ्याचा, गुऱ्हाळ दुसऱ्याचं, चुलवणात चिपाडं सारणारी माणसं दुसरी. पण काहिलीत उकळणाऱ्या रसाचा पाक कधी झाला, हे बोलायचा हक्क एकट्या गुळव्याचा. काहील जरा आधी उतरवली तर गूळ पाघळतो, जरा उशीर झाला तर करपतो. आकारामला अक्षर एक येत नव्हतं. पण पितळेची एक वाटी कायम हाताशी. तीत गार पाणी घ्यायचं, उकळत्या पाकाचा थेंब त्यात सोडायचा आणि बोटांनी चाचपायचा. थेंब पाण्यात विरघळला तर पाक कच्चा. गोळी झाली, आणि ती वाटीच्या काठावर आपटल्यावर टण्णदिशी वाजली, की हा ओरडायचा, "उतरवाऽऽ!" आठ माणसं बांबू घालून काहील उचलायची. तीस वर्षांत त्याची हाळी एकदाही चुकली नाही. उगीच सांगत नाही, खरंच चुकली नाही.

गुऱ्हाळ नाथाजीचं होतं. नाथाजी आणि आकाराम म्हणजे जीव की प्राण. एकाच डोहात पोहायला शिकले, एकाच मास्तरच्या छड्या खाल्ल्या आणि एकाच दिवशी शाळेला रामराम ठोकला. विशी उलटली तेव्हाची गोष्ट. बैलांचा चरक चालू होता आणि नाथाजी ऊस सारत होता. सदऱ्याची बाही चरकात गेली. बैल काही कुणाचं ऐकून थांबत नाहीत. आकारामनं धावत येऊन हात घातला आणि बाही टरकन फाडून नाथाजीला मागं ओढला. नाथाजीचा हात बाहेर आला. आकारामच्या उजव्या अंगठ्याचं पेर आत राहिलं.

त्या दिवशी नाथाजी ओसरीत बसून बाईमाणसासारखा रडला. "आकाराम, ह्यो हात तुझा हाय," म्हणाला. "हितनं निघंल त्या परत्येक ढेपंवर तुझा ह्यो अंगठा उठंल. जग बघंल." तेव्हापासून हिवरवाडीच्या ढेपेवर तो अर्धा अंगठा आला. आकारामला त्याचा केवढा अभिमान! लोक सही करायला शिकतात, याची सही तुटल्यावर झाली होती.

आता आकारामचे दोन नेम सांगायला हवेत, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातंय. पहिला नेम असा की हंगामात गुळव्यानं जिभेला गूळ लावायचा नाही. दिवाळीनंतर चुलवण पेटलं की गुढीपाडव्यापर्यंत गोड बंद. जीभ लाडावली की डोळा आणि बोट आळशी होतात, असं त्याचा बाप सांगायचा. दुसरा नेम त्याहून कडक. काहिलीतला पाक वाफ्यात ओतला, म्हणजे दगडी चौकोनी हौदात निवायला घातला, की गुळव्यानं पाठ फिरवायची. करणाऱ्याचीच नजर लागते म्हणून. तो सरळ नदीवर जायचा, आंघोळ करायचा, मारुतीला पाणी घालायचा. तोवर इकडं नाथाजी स्वतः उभा राहून गूळ घोटून घ्यायचा आणि साच्यांत भरून घ्यायचा. आकाराम परत आला की गूळ अजून मऊ असायचा. ओळीनं अंगठा उठवत जायचं, बस्स. तुम्ही म्हणाल, असला कसला खुळा नेम? अहो, बापानं पाळला, आज्यानं पाळला, आणि गुऱ्हाळात उभा कोण तर नाथा. मग मागं वळून बघायचं कशाला?

नाही म्हणायला, परत आल्यावर नाथाजीच्या बाहीला कधीकधी पांढरं लागलेलं दिसायचं. चुलवणाची राख असेल म्हणून यानं दोनदा स्वतःच्या हातानं झटकलीसुद्धा होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. गावच्या शाळेत चौथीला रहिमान गुरुजी होते, मिरजेकडचे. माणूस काडीसारखा, पण शिकवायला लागला की पोरं शाळा सुटल्यावरही हलायची नाहीत. एका शनिवारी त्यांनी फर्मान सोडलं, "सोमवारी प्रत्येकानं घरातली एक वस्तू चिमूटभर आणायची. पाण्यात काय विरघळतं नि काय नाही, ते आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं."

सोमवारी टेबलावर काचेचे पेले मांडले. कुणी मीठ आणलं, कुणी रेशनची साखर, कुणी तुरटी, हळद, वाळू, रांगोळी. गुंडा नावाच्या वांड पोरानं वाटीभर गोडेतेल आणलं आणि घरी मार खायची सोय करून ठेवली. गुरुजींनी पहिल्या पेल्यात मीठ टाकून ढवळलं.

"कुठं गेलं मीठ?"

"संपलं!" पोरं ओरडली.

"संपलं? बोट बुडवून चाटा बघू."

पोरांनी तोंडं वाकडी केली. गुरुजी हसले. "म्हणजे आहे की! दिसत नाही, पण पाण्यात सगळीकडं सारखं पसरलंय. वरचा घोट खारट, खालचाही खारट. याला म्हणायचं विरघळणं. हेच पाणी बशीत घालून कौलावर ठेवलं, तर दोन दिवसांत पाणी उडून जाईल आणि मीठ बशीत परत येऊन बसेल."

साखर विरघळली. तुरटी अख्खी टाकली तर नुसती बसून राहिली, कुटून टाकली तेव्हा गेली. वाळू तळाशी जाऊन बसली ती बसलीच. तेल वर तरंगलं, ढवळलं तर त्याचे मणी झाले आणि पुन्हा एकत्र आले. हळदीनं पोरांना फसवलं. पाणी पिवळं झालं तशी सगळी ओरडली, "इरघळली!" गुरुजी म्हणाले, "थांबा, घाई नको." बाराचा पाढा म्हणून होईतो हळद तळाशी जाऊन बसली होती. "रंग दिला म्हणजे विरघळली असं नाही," गुरुजी म्हणाले. "विरघळलेलं कितीही वेळ ठेवा, आपण होऊन तळाशी बसत नाही. आणि हेही बघा," असं म्हणून ते मिठाच्या पेल्यात चमच्यावर चमचे मीठ घालत गेले. शेवटी मीठ तळाशी साचायला लागलं. "पाण्याचंसुद्धा पोट भरतं, लेको."

मग आकारामची नात बनु उठली. फडक्यात गुळाचा खडा होता. बाकीची पोरं मिठाची पुडी नुसती ठेवून जात होती, ही मात्र पाटलिणीसारखी चालत टेबलापाशी आली. "आमच्या आबाच्या हातचा हाय," म्हणाली. गेल्या पाडव्याला नाथाजीनं आकारामच्या घरी जी मानाची ढेप पाठवली होती, तिचाच तो खडा.

गुरुजींनी तो कुटून पाण्यात टाकला आणि ढवळला. पाणी चहासारखं झालं. पुन्हा बाराचा पाढा झाला. पोरं पुढं वाकून बघतात तर पेल्याच्या तळाशी बोटभर नाही, पण चांगला जाड पांढरा थर!

"आबाच्या गुळात चुना!" गुंडा ओरडला, आणि वर्ग खिदळला.

बनु रडत घरी आली. आकाराम आधी हसला. "मास्तरचा प्याला घाण आसंल गं," म्हणाला. मग स्वतः लोटा घासला, ढेपेचा खडा फोडला, पाण्यात टाकला आणि उंबऱ्यावर बसून राहिला. घटकाभरानं वरचं पाणी हलकेच ओतून दिलं. लोट्याच्या बुडाशी पांढरा गाळ. बोटानं उचलून चोळला, तर पिठासारखा मऊ.

त्यानं आपला उजवा हात पुढं धरून पाहिला. रस निवळायला भेंडीचं पाणी घालतात, आणि त्याबरोबर हा चिमूटभर चुनाही टाकायचा. चिमूट ती, पण अर्ध्या अंगठ्याची. अलीकडं डोळ्यांनाही जरा अंधुक दिसत होतं. चुना जास्त पडायला लागला की काय? आपला हात गेला की काय? गुळव्याचा हात गेला म्हणजे उरलं काय मागं! त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही. सुनेनं विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी तो शाळा सुटायच्या वेळेला गुरुजींकडं गेला आणि सगळं बोलला. गुरुजींनी ऐकून घेतलं.

"आकारामबापू, त्याच हंगामातला, तुमच्या हातचा, पण दुसऱ्या घरातला खडा मिळेल का?"

"पेठंला गेला त्यो गेला. ऱ्हायला तर नाथाच्या घरात आसंल."

"मग तो आणा. दोन्हींत गाळ आला, तर चूक काहिलीतली. तुमच्या एकट्याच्याच गुळात आला आणि त्यांच्यात नाही आला, तर काहील उतरल्यानंतर कुणीतरी काहीतरी घातलंय."

आकाराम ताडकन उठला. "मास्तर, तुमी शिकल्याली माणसं, पर नाथाचं नाव घिऊ नगा. ह्यो अंगठा बघिटला का? कुनापायी गेलाय ठाव हाय?"

"मी नाव घेतलं नाही, बापू. तुम्ही घेतलंत."

तो तसाच निघाला. आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर नदीवर न जाता वाफ्यापाशी उभं राहून बघायचं की. अहो, पण बघायचं म्हणजे नाथावर संशय घ्यायचा, आणि बापाचा नेमही मोडायचा. एका दमात एवढी दोन पापं त्याच्यानं होणार नव्हती. खडा नेऊन दाखवणं त्यापेक्षा सोपं. त्याची तर खात्रीच होती की गाळ येणार, नाथा सुटणार आणि आपलाच हात चुकलेला निघणार. वाटेनं जाताना तो मनातल्या मनात त्याचीच तयारी करत होता. पुढच्या सालापासून चुना घालायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. लाज वाटेल, वाटू दे.

नाथाजी घरी नव्हता. त्याची बायको रंगुबाई पुढं आली. कुणीही आलं तरी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढं करायची घरची रीत.

"या भावजी. पाणी घ्या. गूळ न्हाई देत, तुमचा नेम ठाव हाय."

"आज द्या वैनी. खायाला न्हाई, नातीच्या शाळंला पायजे. गेल्या सालातला आसला तर बरं."

"हाय की. आतल्या मडक्यातला देते, घरचा." तिनं आतून खडा आणला. "ह्ये दर साली पयल्या आधणाचा, पयल्या काहिलीचा गूळ घरापुरता येगळा काढून ठेवत्यात बघा. तुमच्याच हातचा हाय."

वेगळं का काढतो, हे आकारामनं विचारलं नाही. रुमालात खडा बांधला आणि निघाला.

बुधवारी सकाळचं आधण त्यानं नेहमीसारखं काढलं. गोळी टण्ण वाजली, काहील उतरली, पाक वाफ्यात गेला, यानं पाठ फिरवली. नदीवर अंघोळ केली, आणि आज मारुतीला नुसते हात जोडून सरळ शाळेत शिरला.

गुरुजींनी दोन पेले धुऊन पुसून ठेवले. एकात बनुच्या घरचा गूळ, दुसऱ्यात नाथाजीच्या. दोन्ही कुटले, सारखंच पाणी घातलं, सारखंच ढवळलं. आकाराम पोरांच्या रांगेत खालीच बसला. पोरं देवाला हात जोडत होती, आबाचा गूळ चांगला निघू दे म्हणून. आणि आबा? आबा त्याच देवाला विनवत होता, गाळ येऊ दे रं बाबा. दुसऱ्या पेल्यात पांढरं बसू दे. माझा हात गेला तरी चालंल, डोळं गेलं तरी चालंल, पर त्या पेल्यात पांढरं बसू दे.

पाढा झाला. पहिल्या पेल्यात तळाशी पांढरा थर बसला. दुसऱ्या पेल्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. तळ लख्ख. एक कण नाही.

"आबाचा गूळ चांगलाऽऽ!" पोरांनी एकच गिल्ला केला. टाळ्या काय, उड्या काय! गुंडासुद्धा टाळ्या वाजवत होता. बनुची मान तर ताठ झाली ती खाली येईना. एकट्या गुरुजींचं लक्ष आकारामच्या तोंडाकडं होतं.

"पुन्यांदा करा मास्तर," आकाराम म्हणाला.

गुरुजींनी पुन्हा केलं. पोरांनी पुन्हा पाढा म्हटला, आणि पुन्हा टाळ्या वाजल्या.

"आबा," बनुनं विचारलं, "तुमचा गूळ चांगला हाय, तर मग आपल्या प्याल्यातलं पांढरं कुनाचं?"

"इरघळलं त्ये माझं, बाय," तो म्हणाला. टोपी डोक्यावर घातली आणि उठला.

गुऱ्हाळात साचे भरून ओळीनं मांडले होते. नाथाजी वाट बघत उभा होता.

"कुठं हुतास रं? गूळ आळाय लागला. ये, अंगठा उठीव."

आकाराम साच्यांपाशी आला, पण हात पुढं केला नाही. "नाथा, तुझ्या घरचा गूळ लय चांगला हाय रं. एक कण बसला न्हाई तळाला."

नाथाजी आधी हसला. मग हसू तिथंच थांबलं आणि त्याचा हात आपसूक बाहीवर गेला. बाहीला लागलेलं पांढरं तो झटकायला लागला. ही राख नव्हती, हे आकारामला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

"कवापास्नं?"

"दुस्काळापास्नं," नाथाजी खाली बघत म्हणाला. "गड्या, पेठंला पांढरा गूळ लागतोय. घोटताना पांढऱ्या दगडाची भुकटी घातली की रंग उजळतो, वजनबी भरतं. सगळीच घालत्यात."

"मग तुझ्या घरात का न्हाई घातलीस?"

नाथाजी पुन्हा बाही झटकायला लागला.

"बरं, ऱ्हाऊ दे. माझ्या घरात का घातलीस?" आकारामचा आवाज चढला. "औंदा बनुच्या आईच्या बाळंतपणाला लाडू केलं त्या गुळाचं. येक ढेप, नाथा! सालातनं येक ढेप. तेवढीबी चांगली काढवंना तुला? केसानं गळा कापलास रं माझा."

चुलवणापाशी बसलेली माणसं मान वर करून बघायला लागली. नाथाजी एवढंच म्हणाला, "हळू बोल, मानसं हायत."

हळू बोल! जन्मभराच्या मैत्रीतून याला हे एवढंच सुचलं. आकारामनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग खुंटीवरचं घोंगडं काढलं, चुलवणाच्या काठावरची पितळेची वाटी उचलली, आतलं पाणी ओतून दिलं आणि चालायला लागला. माणसं हाका मारत राहिली. नाथाजीनं हाक मारली नाही.

कुंपणापाशी आल्यावर त्याच्यानं राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं साच्यांकडं मागं वळून पाहिलं.

नाथाजी साच्यांवर वाकला होता. आकारामनं चरकातून वाचवलेल्या त्याच उजव्या हाताचा धड अंगठा त्यानं पेरात दुमडला होता, आणि ते पेर तो एकेका ढेपेवर दाबत चालला होता. ठसा बरोबर अर्धाच उठत होता. तो भराभरा पुढं सरकत होता. गूळ आळायच्या आत उरकायला हवं होतं.